'बिगिल' : चेन्नईच्या पडद्यावरील मुलींचा फुटबॉल

चेन्नईच्या बोलीत शिट्टीला 'बिगिल' असे म्हणतात. मैदानावर ती पंचाच्या ओठांत असते. चित्रपटगृहात आवडता नट पडद्यावर अवतरला की ती शेकडो प्रेक्षकांच्या ओठांतून एकाच वेळी निघते. २५ ऑक्टोबर २०१९ रोजी, दीपावलीच्या दोन दिवस आधी, याच नावाचा एक तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला. विषय होता मुलींचा फुटबॉल संघ. नायक होते तमिळ चित्रसृष्टीतील अग्रगण्य नट विजय. तमिळनाडूत ज्या खेळाच्या सामन्यांना एरवी मोजकेच प्रेक्षक लाभतात, त्या खेळासाठी त्या दिवशी पहाटेपासून चित्रपटगृहांबाहेर रांगा लागल्या होत्या. अर्थात ही गर्दी फुटबॉलसाठी होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मुलींच्या फुटबॉल संघाभोवती गुंफलेल्या खेळकर कथा पाश्चात्य दूरचित्रवाणीला आणि चित्रपटाला नव्या नाहीत. आपल्याकडे मात्र हा विषय फारसा हाताळला गेलेला नाही. त्यामुळे 'बिगिल' हा चित्रपट काय सांगतो, कोणत्या परिसरातून आला आणि त्यात दाखविलेल्या संघाचे प्रत्यक्षातील रूप काय होते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

कथा आणि कलावंत

चित्रपटाचे दिग्दर्शन ॲटली यांनी केले. 'तेरी' (२०१६) आणि 'मेर्सल' (२०१७) यांनंतर विजय यांच्यासमवेत त्यांचा हा तिसरा चित्रपट होता. निर्मिती एजीएस एन्टरटेन्मेंट या संस्थेची, छायाचित्रण जी. के. विष्णू यांचे आणि संगीत ए. आर. रहमान यांचे. निर्मितीखर्च सुमारे १८० कोटी रुपये असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. तमिळ चित्रपटाच्या मानानेही ही रक्कम मोठी होती. तेलुगू भाषेत हाच चित्रपट 'व्हिसल' या नावाने आला. सामन्यांच्या चित्रीकरणासाठी चेन्नईजवळच्या ईव्हीपी फिल्म सिटीत क्रीडागाराचा भव्य देखावा उभारण्यात आला होता.

विजय यांची दुहेरी भूमिका आहे. रायप्पन हा वस्तीचा वयस्कर दादा. त्याचा आवाज घोगरा, केस पांढरे, पण शब्दाला वस्तीत मान. मायकेल हा त्याचा मुलगा; त्याने फुटबॉल खेळून नाव काढावे आणि वस्तीतील मुलांना गुंडगिरीपलीकडचा मार्ग दिसावा, हे बापाचे स्वप्न. रायप्पनची हत्या होते, मायकेलचा खेळ सुटतो आणि बापाची गादी त्याला चालवावी लागते. पुढे त्याचा मित्र कदिर, जो तमिळनाडूच्या महिला संघाचा प्रशिक्षक आहे, एका हल्ल्यात जायबंदी होतो. राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आलेली असते. संघाची सूत्रे मायकेलकडे येतात आणि मुली त्याला स्वीकारण्यास तयार नसतात. 'गुंड आम्हाला काय शिकवणार' हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो रास्तही असतो. महासंघाचा कुटिल प्रमुख जे. के. शर्मा ही भूमिका जॅकी श्रॉफ यांनी केली आहे. नायिका नयनतारा आहेत. तथापि कथेत त्यांना करण्यासारखे थोडेच आहे.

संघातील मुलींच्या भूमिका इंदुजा रविचंद्रन, अमृता अय्यर, रेबा मोनिका जॉन, वर्षा बोल्लम्मा, इंद्रजा शंकर, गायत्री रेड्डी आदींनी केल्या. रेबा यांनी साकारलेली अनिता ही चांगली खेळाडू. तिच्यावर ॲसिड फेकले जाते आणि ती घराचे दार लावून बसते. वर्षा यांची गायत्री लग्नानंतर सनातनी सासरच्या स्वयंपाकघरात अडकते. दोघींनाही मैदानावर परत आणण्याचे काम मायकेल करतो. चित्रपटातील सर्वांत परिणामकारक दृश्ये हीच आहेत. अनिता आरशासमोर जाण्याचे टाळते, गायत्रीच्या हातात चेंडूऐवजी भांडी आहेत, या प्रसंगांत थोडा वेळ का होईना, पडद्यावर मुलींचे राज्य असते.

प्रदर्शनापूर्वीच्या घडामोडींचीही एक नोंद करायला हवी. रायप्पनच्या वेशातील विजय यांचे भित्तिचित्र प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचा पाय खाटकाच्या ठोकळ्यावर टेकलेला दिसत होता. ज्यावर आपले पोट चालते त्या ठोकळ्याचा हा अवमान आहे, असे सांगत कोइम्बतूरच्या मांसविक्रेत्यांनी निषेध नोंदविला. प्रदर्शनाच्या पहाटे कृष्णगिरी येथे विशेष खेळास विलंब झाल्याने चाहत्यांनी मोडतोड केली आणि पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला. मुलींच्या फुटबॉलविषयीच्या चित्रपटापायी रस्त्यावर मोडतोड व्हावी, हा योगायोग मजेशीर म्हणावा की खेदजनक, हे वाचकांनीच ठरवावे.

शिट्टी कोणासाठी?

जवळजवळ तीन तासांच्या या चित्रपटात मुलींचा संघ कथेच्या केंद्रस्थानी यायला बराच वेळ लागतो. पूर्वार्धाचा मोठा भाग रायप्पन आणि मायकेल यांच्या गाण्यांनी, हाणामाऱ्यांनी आणि आठवणींनी व्यापलेला आहे. मुली खेळू लागल्यावरही कॅमेरा वारंवार मैदानाच्या कडेला, प्रशिक्षकाकडे वळतो. गोल मुलगी करते. शिट्टी विजय यांच्यासाठी वाजते. 'सिंगप्पेण्णे' हे रहमान यांचे गीत स्त्रीला सिंहिणीची उपमा देते आणि ते तमिळनाडूत महिला दिनाच्या कार्यक्रमांतून वाजू लागले. त्या गीतातील भाव खोटा नाही. परंतु ज्या कथेत प्रत्येक मुलीचा प्रश्न एकच पुरुष सोडवितो, त्या कथेत सिंहिणीने स्वतः काय केले, असा प्रश्न मनात राहतोच.

सर्वाधिक टीका झाली ती पांडियम्मा या पात्रासंबंधी. इंद्रजा शंकर यांनी साकारलेली ही अंगाने जाड खेळाडू आहे. एका महत्त्वाच्या सामन्यात ती कमी पडते तेव्हा मायकेल तिच्या लठ्ठपणावरून तिला सर्वांसमक्ष डिवचतो आणि त्या रागाने ती जिद्दीने खेळते. पडद्यावर हा डाव यशस्वी होतो. मात्र अनेक समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी, विशेषतः तरुणींनी, या दृश्याला आक्षेप घेतला. मुलींचे मनोबल उंचावणारा म्हणून गाजविलेला चित्रपट मुलीच्या देहाचीच टिंगल हत्यारासारखी वापरतो, हा आक्षेप वरवरचा नव्हे. खेळाच्या मैदानावर मुली कशामुळे येत नाहीत, याची कारणे शोधू गेल्यास देहाविषयीचे असे शेरे त्यांत हटकून सापडतात.

या ठिकाणी 'चक दे! इंडिया' (२००७) या हिंदी चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. शिमित अमीन यांच्या त्या चित्रपटात खेळ हॉकीचा होता आणि कथेस माजी गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या आयुष्याचा आधार होता. १९८२ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १-७ असा हरला, तेव्हा गोलपाशी नेगी उभे होते. शाहरुख खान यांच्यासारखा नट असूनही तेथे प्रशिक्षकाला प्रेमकथा नव्हती, गाण्यात नाच नव्हता. आणि सोळा मुलींची भांडणे, प्रांतिक अभिमान, आपसांतील असूया यांना पुरेसा अवकाश होता. 'बिगिल'ने त्या साच्यातून बरेच घेतले, परंतु हा अवकाश घेतला नाही.

विनोदाचा मार्ग

मुलींच्या फुटबॉलवर याहून हलक्या हाताने लिहिता येते, हे परदेशी उदाहरणांवरून दिसते. गुरिंदर चढ्ढा यांच्या 'बेंड इट लाइक बेकहॅम' (२००२) मध्ये लंडनच्या परिसरातील पंजाबी घरातली जेस ही मुलगी चोरून फुटबॉल खेळते, आणि तिला पोळ्या नीट लाटता याव्यात ही आईची तळमळ असते. या चित्रपटात खलनायक नाही. आईवडील प्रेमळ आहेत आणि अडचण त्यांच्या प्रेमातूनच निर्माण होते; विनोदही तेथूनच उगवतो.

किशोरवयीन प्रेक्षकांसाठी ॲमेझॉनने २०१६ मध्ये सादर केलेली 'द किक्स' ही मालिका याच वाटेने जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातील खेळाडू ॲलेक्स मॉर्गन यांनी मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांवर ती आधारलेली आहे. डेव्हिन ही मुलगी कुटुंबासह देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियात येते, नव्या शाळेचा संघ विस्कळीत असल्याचे पाहते आणि मैत्रिणींच्या साह्याने तो सावरण्याचा प्रयत्न करते. मैत्रीतील रुसवे, नव्या शाळेतील अवघडलेपण, सामना हरल्यावरचा शुकशुकाट एवढ्याशा गोष्टींवर ती चालते. तिचा एकच हंगाम झाला. तिचे कलामूल्य फार मोठे आहे असे नाही. पण संघ सावरतात त्या मुलीच, आणि एवढ्या एका बाबतीत ती 'बिगिल'हून सरस ठरते.

हलकेफुलकेपणा हा येथे गौण मुद्दा नाही. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीची कथा अत्याचार, अपमान आणि उद्धार यांच्याविना सांगताच येत नाही, असा समज झाला की तिचे साधे खेळणेही असाधारण घटना ठरते. मुलगे खेळतात तेव्हा त्यांना कारण द्यावे लागत नाही. 'बिगिल'मध्ये योगी बाबू आणि विवेक यांच्यासारखे विनोदी नट आहेत. परंतु विनोद त्यांच्या वाट्याला आणि दुःख मुलींच्या वाट्याला, अशी वाटणी झालेली दिसते.

व्यासरपाडी आणि उत्तर चेन्नई

चित्रपटातील वस्तीचे वातावरण मनगढंत नाही. चेन्नई म्हटले की क्रिकेट आणि चेपॉकचे मैदान डोळ्यांपुढे येते. पण शहराच्या उत्तर भागाची ओळख निराळी आहे. बंदर, गिरण्या, पेरांबूरचे रेल्वे कारखाने आणि त्यांच्या आधाराने वसलेल्या कामगार वस्त्या असा हा परिसर आहे. तेथे फुटबॉल, कॅरम आणि मुष्टियुद्ध हे खेळ रुजले. तमिळ चित्रपटानेही या भागाकडे वारंवार पाहिले आहे. पा. रंजित यांच्या 'मद्रास' (२०१४) मधील तरुण फुटबॉल खेळतात. सुधा कोंगरा यांच्या 'इरुदी सुट्रु' (२०१६) मध्ये याच भागातील मासळी विकणारी मुलगी मुष्टियोद्धा होते.

व्यासरपाडी ही या भागातील दलित आणि श्रमिकांची मोठी वस्ती. तेथील मुल्ला नगरच्या मैदानावर वस्तीतील मुलांसाठी एक स्वयंसेवी संस्था अनेक वर्षे फुटबॉलचे वर्ग चालवीत आली आहे. खेळायला यायचे तर शाळा सोडायची नाही, असा तेथील दंडक. चेन्नईयिन एफसी या इंडियन सुपर लीगमधील संघाकडून खेळलेले धनपाल गणेश याच वस्तीतून पुढे आले. या मैदानावर मुलीही खेळू लागल्या. वस्तीतील गुन्हेगारीची बदनामी आणि फुटबॉल यांचे जे नाते रायप्पन आपल्या मुलाला समजावून सांगतो, ते व्यासरपाडीत केवळ संवादापुरते नाही.

प्रत्यक्षातील संघ

आता मुख्य विसंगतीकडे वळू. चित्रपटातील तमिळनाडूचा महिला संघ दुर्लक्षित, विखुरलेला आहे आणि राष्ट्रीय विजेतेपद त्याच्यासाठी अशक्यप्राय स्वप्न आहे. प्रत्यक्षात, चित्रपट पडद्यावर येण्याच्या सुमारे वीस महिने आधी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तमिळनाडूच्या महिलांनी वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली होती. ओडिशात झालेल्या त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांनी मणिपूरचा २-१ असा पराभव केला. मणिपूर म्हणजे या स्पर्धेवर वर्षानुवर्षे अधिराज्य गाजविणारा संघ. तमिळनाडूचे हे पहिलेच विजेतेपद होते.

यानंतर मे २०१९ मध्ये मदुराईच्या सेतू एफसी या संघाने लुधियाना येथे इंडियन विमेन्स लीगचे विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात त्यांनी मणिपूर पोलीस संघाला ३-१ असे हरविले. या संघासाठी नेपाळच्या सबित्रा भंडारी यांनी गोलांचा धडाका लावला होता. देशातील महिलांची ही लीग २०१६-१७ च्या हंगामापासून सुरू झाली आणि तीत तमिळनाडूतून आलेल्या संघांची नावे पाहण्यासारखी आहेत. पहिल्या हंगामात जेप्पियार इन्स्टिट्यूट, दुसऱ्यात कडलूरची इंदिरा गांधी क्रीडा व शिक्षण अकादमी. ही नावे धनाढ्य क्लबांची नव्हेत, शिक्षणसंस्थांची आहेत. मुलगी फुटबॉल खेळते म्हणजे ती वसतिगृहात राहते, महाविद्यालयाचा प्रवेश मिळविते आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा धरते, हे गणित तमिळनाडूत हळूहळू बसत गेले. चित्रपटाला हे गणित रुचण्यासारखे नव्हते. शुल्कमाफीचा अर्ज भरणाऱ्या मुलीवर गाणे रचणे अवघडच.

या इतिहासात कडलूरचा उल्लेख टाळता येत नाही. बंगालच्या उपसागरावरील हा किनारी जिल्हा २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झाला. आईवडील गमावलेल्या किंवा घर वाहून गेलेल्या मुलांसाठी शासनाने तेथे बालगृह उभारले. त्या बालगृहातील मुलींना एस. मारियप्पन या प्रशिक्षकांनी फुटबॉल शिकविण्यास प्रारंभ केला. किनाऱ्यावरची वाळू आणि मिळेल ते मैदान, एवढ्या सामग्रीवर हे काम उभे राहिले. पुढील दीड दशकात या एका जिल्ह्याने तमिळनाडूच्या आणि भारताच्या महिला संघाला अनेक खेळाडू दिल्या. मारियप्पन यांच्यापाशी ना टोळी होती ना शत्रू. त्यामुळे त्यांच्यावर १८० कोटींचा चित्रपट निघण्याची शक्यता नाही. मात्र मुलींच्या संघाचा प्रशिक्षक दैनंदिन व्यवहारात काय करतो, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांनी कडलूरकडे पाहावे.

कडलूर जिल्ह्याच्याच इंदुमती कदिरेसन या भारतीय संघाच्या मध्यफळीतील खेळाडू. मार्च २०१९ मध्ये नेपाळमधील बिराटनगर येथे भारताने दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद पटकाविले, त्या संघात त्या होत्या. त्या तमिळनाडू पोलीस दलात उपनिरीक्षक झाल्या. 'बिगिल' प्रदर्शित झाला त्यानंतर काही महिन्यांतच, २०२० च्या टाळेबंदीत, चित्रपटगृहे बंद पडली आणि इंदुमती चेन्नईच्या रस्त्यांवर बंदोबस्तासाठी उभ्या राहिल्या. लोकांना घरी परत पाठविणे हे त्यांचे काम होते. देशासाठी गोल करणारी ही खेळाडू आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

मागे वळून पाहता

मुलींच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज या कारखान्यातील कामगार महिलांच्या संघाचा सामना सुमारे ५३ हजार लोकांनी पाहिला होता. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळण्यास बंदी केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. प्रेक्षक नव्हते म्हणून मैदान मिळाले नाही असे नसून, मैदान काढून घेतले म्हणून प्रेक्षक उरले नाहीत.

भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली. १९७९-८० मध्ये कोळिकोड येथे भरलेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या. शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या काळात या खेळाचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला आणि दीर्घकाळ तो पुरुषांच्या संघाच्या सावलीत राहिला. 'बिगिल'मधील महासंघाचा प्रमुख खलनायक आहे, आणि ही रंगरंगोटी भडक आहे. खऱ्या अडचणी खलनायकाविना निर्माण झालेल्या असतात: सामन्यांचे अपुरे वेळापत्रक, काही आठवड्यांत संपणारी लीग, आणि मधल्या काळात करार नसलेल्या खेळाडू.

नागपूरचा धागा

मराठी वाचकांसाठी या चित्रपटाशी जोडलेला आणखी एक धागा आहे, आणि तो नागपूरला पोहोचतो. तेथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलची चळवळ उभी केली. पावसात मोडकी बादली लाथाडीत खेळणारी मुले पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत आले आहेत. 'स्लम सॉकर' या नावाने वाढलेल्या या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. याच चळवळीतील अखिलेश पॉल या खेळाडूने गुन्हेगारीच्या वाटेवरून परतून बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले.

पॉल यांच्या जीवनकथेचे हक्क आपण घेतले आहेत, असे सांगत हैदराबादचे चित्रपटकार नंदी चिन्नी कुमार यांनी 'बिगिल'च्या कथेविषयी तक्रार केली होती. कथेच्या श्रेयावरून चेन्नईतही अन्य एका लेखकाने न्यायालयात धाव घेतली होती. चिन्नी कुमार यांचा मोठा वाद झाला तो मात्र नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' या चित्रपटाशी. त्यावर २०२० मध्ये तेलंगणात न्यायालयीन स्थगिती आली आणि सर्वोच्च न्यायालयातही निर्मात्यांना तात्काळ दिलासा मिळाला नाही. अखेर ४ मार्च २०२२ रोजी 'झुंड' प्रदर्शित झाला. वस्तीतला दादा फुटबॉलमुळे बदलतो, ही कथा कोणाची, हा प्रश्न कायद्याचा असल्याने येथे त्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. चेन्नई आणि नागपूर या दोन शहरांतील वस्त्यांना तो आपलाच वाटावा इतके साम्य त्यांच्यात आहे, एवढे नमूद करता येईल.

'झुंड' हा मुख्यतः मुलांचा चित्रपट आहे आणि त्यातही अमिताभ बच्चन यांच्यासारखा मोठा नट प्रशिक्षकाच्या भूमिकेत आहे. तरीही त्यात रिंकू राजगुरू यांनी साकारलेली मोनिका ही आदिवासी मुलगी आहे. तिची परदेशी जाण्यासाठी निवड होते, पण पारपत्रासाठी आपण कोण आहोत हे कागदावर सिद्ध करावे लागते. मुलगी आणि तिचा बाप एका कागदासाठी पायपीट करीत राहतात. या भागात हाणामारी नाही, मोठे भाषण नाही. प्रशिक्षक तेथे काही करूही शकत नाही. मुलींच्या खेळाआड येणारी गोष्ट किती किरकोळ दिसते आणि किती मोठी असते, हे त्या पायपिटीत जितके उमगते तितके 'बिगिल'च्या कोणत्याही दृश्यात उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चित्रपटानंतर

'बिगिल' त्या वर्षीच्या सर्वाधिक गल्ला जमविणाऱ्या तमिळ चित्रपटांपैकी एक ठरला. ॲटली पुढे हिंदीत गेले आणि त्यांनी 'जवान' (२०२३) दिग्दर्शित केला. विजय यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळग वेट्री कळगम या राजकीय पक्षाची स्थापना केली. इंद्रजा, रेबा, वर्षा, अमृता यांना त्या चित्रपटाने ओळख मिळवून दिली. त्यांपैकी अनेकींना आजही प्रेक्षक संघातील नावांनी ओळखतात. एका अर्थाने त्या मुलींनी पडद्यावर आपला सामना जिंकलाच.

चित्रपटामुळे किती मुली मैदानाकडे वळल्या, याची मोजदाद करणे शक्य नाही. मात्र शाळेतील मुलीने घरी फुटबॉलचे बूट मागितले, तर निदान वडिलांना त्या खेळात मुलीही असतात हे ठाऊक असते, एवढा फरक अशा चित्रपटाने पडत असावा. विजय यांच्या चाहत्यांची संख्या लक्षात घेता हा फरक क्षुल्लक म्हणता येत नाही. ज्या प्रेक्षकाने गायत्रीच्या सासरच्या मंडळींना पडद्यावर नमताना पाहून शिट्टी वाजविली, त्याच्या स्वतःच्या घरी सून असेल, बहीण असेल.

प्रत्यक्ष मैदानावर जून २०२३ मध्ये तमिळनाडूच्या महिला संघाने अमृतसर येथे अंतिम सामन्यात हरियाणावर २-१ अशी मात करून वरिष्ठ राष्ट्रीय विजेतेपद दुसऱ्यांदा जिंकले. जुलै २०२५ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे भारताच्या महिलांनी यजमान संघाला २-१ असे नमवून २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता मिळविली. दोन्ही गोल संगीता बासफोर यांनी केले. पात्रता फेरी खेळून भारतीय महिलांनी या स्पर्धेत स्थान मिळविण्याची ही पहिलीच वेळ होती.